मयसभेतील पाहुणा

विद्यार्थ्यांच्या जत्रेत उभारलेल्या एका लाकडी खोपटावरून नीतीचा विचार करू पाहणाऱ्या मनुष्याकडे गंभीर वाचक किंचित साशंक दृष्टीनेच पाहतील, हे आम्ही जाणून आहो. सत्य, न्याय, स्वातंत्र्य असे भारदस्त विषय सोडून हा गृहस्थ जत्रेत काय शोधीत फिरतो, असे त्यांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आमचा अनुभव असा की, मोठ्या प्रश्नांची चर्चा करताना मनुष्य सहसा आपले ठेवणीतले कपडे घालून बसलेला असतो. खेळताना तो तसा नसतो. दुसऱ्याचा मान राखण्याची आपली वृत्ती कितपत खरी आहे, याची परीक्षा व्याख्यानमंदिरात होत नाही. ज्या ठिकाणी दुसऱ्यास थोडेसे चकविण्याची, थोडेसे भिवविण्याची आणि त्याच्यावर थोडेसे हसण्याचीही उघड परवानगी असते, त्याच ठिकाणी ती होते.

अमेरिकेतील पिट्सबर्ग हे शहर पोलादाच्या कारखान्यांसाठी एके काळी जगभर प्रसिद्ध होते. तेथे अँड्र्यू कार्नेगी या लोहव्यवसायातील धनाढ्याने १९०० साली तांत्रिक शिक्षणाची एक शाळा काढली. पुढे १९६७ साली मेलन संस्थेशी तिचा संयोग होऊन तिचे कार्नेगी मेलन विद्यापीठ झाले. या विद्यापीठात १९२० सालापासून विद्यार्थ्यांचा एक वसंतोत्सव चालत आला आहे. त्यात दोन गोष्टी प्रमुख असतात. एक, मुलांनी स्वतः बनविलेल्या चिमुकल्या गाड्यांची शर्यत. आणि दुसरी, जिच्याशी आम्हांस आज कर्तव्य आहे ती, म्हणजे 'बूथ'. बूथ या शब्दावरून आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे मतदानाची खोली किंवा दूध विकण्याची पेटी उभी राहील. ते चित्र येथे पुसून टाकावे. उत्सवाचे एक सूत्र दरवर्षी आगाऊ जाहीर होते, आणि त्या सूत्रास धरून विद्यार्थ्यांचे निरनिराळे संघ एकमजली किंवा दुमजली घरे बांधतात. कोणी एखाद्या गोष्टीतील राजवाडा उभारतो, कोणी जहाज, कोणी समुद्रतळ. ही घरे नुसती बाहेरून पाहावयाची नसतात. आत शिरावयाचे, फिरावयाचे, हाताने काही ओढावयाचे वा फिरवावयाचे, एखादा खेळ खेळावयाचा आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडावयाचे, असा त्यांचा परिपाठ आहे. कित्येक महिने अगोदर भिंतींचे तुकडे रंगवून तयार ठेवलेले असतात. मैदानावर मात्र साधारणतः आठवडाभरात सारी वस्ती उभी राहते, तीन दिवस गजबजते, आणि मग ज्यांनी ती बांधली तेच तरुण ती उलगडून टाकतात.

ज्या मार्गावर ही घरे ओळीने उभी राहतात त्यास तेथे 'मिडवे' म्हणतात. जत्रेच्या रस्त्याला हे नाव पडले ते १८९३ सालच्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनावरून. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, ही गोष्ट आपण सारे जाणतो. परंतु त्याच वर्षी त्याच शहरात 'मिडवे प्लेझन्स' नामक पट्ट्यात २६४ फूट उंचीचे एक प्रचंड चक्र फिरत होते, हे आपल्या लक्षात क्वचितच असते. आपल्या जत्रांतील आकाशपाळण्याचा तो थोरला वंशज पुरुष. त्यास ३६ डबे होते व प्रत्येकात ६० माणसे मावत. ते बांधणारा जॉर्ज फेरिस हा पिट्सबर्ग येथे पुलांच्या पोलादाची तपासणी करणारा अभियंता होता. दुसऱ्याच्या पुलाचे पोलाद खरे की खोटे हे पाहण्याचा ज्याचा व्यवसाय, त्यानेच जगातील सर्वांत धाडसी खेळणे बांधावे, यात आम्हांस मोठे औचित्य वाटते. खेळणे बांधण्याचा अधिकार कोणास असावा, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आले आहे. उरलेल्या निम्म्याचा विचार पुढे करू.

आमचा एक जुना विद्यार्थी त्या विद्यापीठात शिकत असताना अशा एका घराच्या बांधणीत सामील होता. त्याने आम्हांस त्या वेळी जी लांबलचक पत्रे लिहिली, त्यांवरून या कामाचे अंतरंग आम्हांस कळले. आमची समजूत अशी होती की, चार कल्पक मुले एकत्र बसली, रंग आणला, फळ्या ठोकल्या, की घर तयार. वस्तुतः पहिले कित्येक आठवडे कोणी खिळ्यास हातही लावला नव्हता. ते सारे एकाच प्रश्नावर अडून बसले होते: पाहुणा दारात उभा राहील तेव्हा त्यास काय दिसेल आणि काय दिसणार नाही? पुढची खोली आधीच दिसली तर तिची नवलाई गेली. म्हणून वाट वळली पाहिजे. वाट वळली की ती अरुंद होते. अरुंद झाली की समोरून येणाऱ्याशी धक्का बसतो. म्हणून येण्याची वाट निराळी व जाण्याची निराळी. खेळ दोन मिनिटांचा ठेवला तर बाहेर रांग वाढते, अर्ध्या मिनिटाचा ठेवला तर आत आलेल्याचे समाधान होत नाही. जी कळ मोठ्या माणसाच्या हाताशी येते ती पाच वर्षांच्या मुलास दिसतही नाही. जिन्याच्या पायऱ्यांतील एखादी पायरी अर्धा इंच जरी उंच झाली, तरी पाय नेमका तीच शोधून काढतो, आणि अंधारात तर हटकून. ही शेवटची गोष्ट त्या मुलांस पुस्तकातून कळली नाही. स्वतःच्याच जिन्यावरून त्यांच्यातील तिघेजण एकाच जागी अडखळले, तेव्हा कळली.

मग सुतारकाम. तिकडे ज्या वाशास 'दोन बाय चार' म्हणतात तो मोजून पाहिला तर दीड इंच बाय साडेतीन इंचच भरतो. रंधून गुळगुळीत करताना उरलेले लाकूड गेलेले असते, पण नाव मात्र जुनेच राहिले. ज्याने नावावर भरवसा ठेवून माप धरले त्याची चौकट जुळत नाही. चौकोनी चौकट कितीही घट्ट जोडली तरी ती एका बाजूस कलते; तिला कोनाकोनात एक तिरकी पट्टी दिली, म्हणजे चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि ती ताठ राहते. खिळ्यांऐवजी शक्य तेथे स्क्रू वापरावयाचे, कारण जे तीन दिवसांनी सोडवावयाचे आहे ते सोडविता येईल असे जोडले पाहिजे. आमच्या या विद्यार्थ्याने महाविद्यालयात असताना भूमितीचे सिद्धांत आमच्या डोळ्यांदेखत घोकले होते. त्रिकोण ही काय चीज आहे हे त्यास परदेशातील एका खोट्या राजवाड्याच्या पाठीमागे उभे राहून समजले, असे त्याने लिहिले. त्याच विद्यापीठात शिकविणारे रँडी पॉश हे प्राध्यापक असाध्य रोगाने ग्रस्त असताना २००७ साली त्यांनी दिलेले व्याख्यान पुष्कळांनी ऐकले असेल. मनुष्य एक गोष्ट शिकत आहे असे समजतो आणि त्या मिषाने दुसरीच, अधिक मोलाची, शिकून जातो, हा विचार त्यांनी त्यात मांडला होता. आम्ही शिक्षकवर्ग याचा पुरस्कार करतो खरा, पण आमच्या वेळापत्रकात त्यास तास नाही.

असो. सुतारकाम हा आमचा प्रांत नव्हे. आमचा प्रश्न निराळा आहे. असे घर बांधणारा मनुष्य पाहुण्याच्या इंद्रियांशी खेळतो. जमीन नाही तेथे जमीन दाखवितो, भिंत आहे तेथे वाट दाखवितो, अंधारात हात घालावयास लावतो. हे करण्याचा त्यास अधिकार काय? आणि त्या अधिकाराची सीमा कोठे?

या प्रश्नाचे सर्वांत जुने उदाहरण आपल्याच घरी आहे. महाभारतातील सभापर्वात मयासुराने इंद्रप्रस्थी पांडवांसाठी जी सभा बांधिली, ती बांधावयास त्यास चौदा महिने लागले असे तेथे सांगितले आहे. राजसूय यज्ञानंतर दुर्योधन ती सभा पाहात फिरू लागला. स्फटिकाची भूमी त्यास पाणी वाटली व त्याने वस्त्रे सावरली. पुढे पाणी होते ते त्यास भूमी वाटले व तो वस्त्रांसह आत पडला. भीम हसला, सेवक हसले. पुढे धृतराष्ट्रापाशी आपली व्यथा सांगताना दुर्योधन कृष्णार्जुनांचे आणि द्रौपदीचेही नाव घेतो. पुढचे द्यूत, वस्त्रहरण, वनवास व कुरुक्षेत्र यांची कारणे शोधणाऱ्यांनी अनेक शोधली आहेत. परंतु कवीने त्या साखळीत ही एक कडी घातली, आणि ती मत्सराच्या कडीस लागूनच घातली, हे विसरता येत नाही.

आता येथे दोष कोणाचा? मयाचा म्हणावा, तर त्याचे कसब निर्दोष होते. पाणी भूमीसारखे दिसावे, हेच त्याने योजिले होते, आणि ते तसे दिसले. दुर्योधनाचा म्हणावा, तर डोळ्यांवर विश्वास ठेवणे हा अपराध नव्हे. तो मत्सरी होता हे खरे. पण पाण्यात पडण्यास मत्सराची गरज नसते, युधिष्ठिर नवखा असता तर तोही पडला असता. आमच्या मते, मयसभेत एक वस्तू बांधावयाची राहून गेली, आणि ती मयाने नव्हे, यजमानांनी बांधावयास हवी होती. आपण खेळात शिरत आहो हे पाहुण्यास कळेल असे दार तेथे नव्हते. ज्यास खेळाची वार्ता आहे तो फसला तर तो स्वतःवर हसू शकतो, कारण फसण्याचा करार त्याने स्वतःच केलेला असतो. ज्यास वार्ता नाही तो खेळाडू नव्हे. तो दुसऱ्यांचे खेळणे आहे. योहान हायझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली क्रीडेवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात खेळास स्थळकाळाची आखलेली सीमा असते आणि त्या सीमेच्या आत निराळे नियम चालतात, असे त्याचे प्रतिपादन आहे. आम्ही त्यास एवढीच पुरवणी जोडू की, ती सीमारेषा यजमानाच्या मनात असून भागत नाही. ती पाहुण्याच्या पायास लागली पाहिजे.

यावर कोणी आक्षेप घेतील की, अगोदर सांगून चकविणे म्हणजे चकविणेच नव्हे. सारी गंमतच गेली. हा आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो, पण अनुभवास उतरत नाही. जादूगार हातचलाखी करणार हे ठाऊक असूनच आपण तिकीट काढतो. नाटकातला राजा रात्री घरी जाऊन पिठलेभात खातो हे ठाऊक असूनही त्याच्या मरणाने डोळे भरतात. भ्रम आणि फसवणूक यांत भेद आहे तो ज्ञानाचा नव्हे, संमतीचा आहे. काय होणार हे पाहुण्यास कळता कामा नये. परंतु काहीतरी होणार, हे कळलेच पाहिजे.

हे आम्ही आज इतक्या ठामपणे लिहीत आहो. परंतु एके काळी हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ते ज्या प्रसंगाने कळले तो सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या महाविद्यालयात होतो तेथील स्नेहसंमेलनाच्या आनंदमेळ्यात विद्यार्थ्यांनी एका लांब वऱ्हांड्यात किल्ल्याचे भुयार केले होते. गोणपाट, काळा कागद, माती, पणत्यांचा वास. मोठे सुरेख साधले होते. भुयाराच्या मध्यावर सतरंजीखाली जाड मऊ गादी दडविली होती; तिच्यावर पाय पडला की एकदम खचे. बाजूच्या पडद्यास भोके पाडून पलीकडे मुले दाटीने बसली होती, आणि येणाऱ्या प्रत्येकाची तारांबळ पाहून हसत होती. आराखड्यावर सही आमची होती. गादीखाली फरशीच आहे, कोणास इजा होणार नाही, याची आम्ही खात्री करून घेतली होती. आणि मग, लपवून काय उपयोग, आम्हीही त्या पडद्यामागे जाऊन बसलो होतो.

आमच्या कचेरीतील एक वृद्ध लेखनिक, नुकतेच निवृत्त झालेले, आपल्या सात-आठ वर्षांच्या नातीचे बोट धरून आत आले. किल्ल्यांविषयी तिला काही सांगत होते. कोणत्या गडाला चोरदरवाजा आहे, वगैरे. गादीवर पाय पडला, तोल गेला, आणि ते तेथेच बसले. पडद्यामागे हशा पिकला. आम्हीही हसलो. त्यांस लागले नव्हते. त्यांनी उठून धोतर झटकले, टोपी सरळ केली, आणि पडद्याकडे पाहून म्हणाले, "छान केलं आहे हो मुलांनी." भोकातून आमचे डोळे त्यांस ओळखू आले की नाही, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. ती मुलगी मात्र हसली नाही. ती आजोबांकडे पाहात होती, आणि तिच्या तोंडावर जे होते ते भय नव्हते. बाहेर पडेपर्यंत तिने किल्ल्याविषयी एकही प्रश्न विचारला नाही. गृहस्थ पुढे रस्त्यात भेटत, आदराने नमस्कार करीत, 'काय प्रोफेसरसाहेब' म्हणून प्रकृती विचारीत. संमेलनास मात्र ते पुन्हा आले नाहीत.

हाडाला इजा होणार नाही एवढे आम्ही पाहिले होते. मनुष्याला हाडांखेरीज दुसरेही काही असते, आणि नातीसमोर ते अधिक नाजूक असते, हे पाहावयाचे राहिले. तेव्हापासून अशा कोणत्याही योजनेत आम्ही प्रथम एकच गोष्ट शोधतो: हसणारे कोठे उभे राहणार? पाहुण्याच्या शेजारी, त्याच खचणाऱ्या भूमीवर, की पडद्याच्या पलीकडे? शेजारी असतील तर तो आनंदमेळा. पलीकडे असतील तर आनंद एका बाजूचा आणि मेळा दुसऱ्या बाजूचा.

खेळातील हारजितीविषयीही असेच म्हणता येईल, जरी तो भाग लहान आहे. जत्रेतील व्यावसायिक खेळांच्या लबाड्या जगजाहीर आहेत. एकावर एक रचलेल्या बाटल्यांपैकी तळची एक शिसे भरून जड केलेली असते. चेंडू टाकावयाचे कडे किंचित लंबवर्तुळाकार असते. फुगे अर्धवट फुगविलेले आणि बाण बोथट असतात. विद्यार्थ्यांस असे करण्याचा मोह होत नाही, कारण त्यांस त्यावर पोट भरावयाचे नसते. त्यांचा मोह उलट जातीचा असतो. आपले यंत्र किती बुद्धिमान आहे हे दाखविण्याच्या भरात ते खेळ इतका अवघड करतात की, तो बनविणाऱ्याखेरीज कोणास जिंकता येत नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या संघात यावरून दोन तट पडले होते. एका पक्षाचे म्हणणे, सोपा खेळ म्हणजे पाहुण्याच्या बुद्धीचा अपमान. दुसऱ्याचे म्हणणे, न जिंकता येणारा खेळ हा त्याच्या वेळेचा अपमान. शेवटी त्यांनी ज्यास या कामाची काहीच माहिती नव्हती अशा एका सफाई कामगारास आत बोलावून खेळ खेळावयास लावला, आणि तिसऱ्या प्रयत्नास तो जिंकेल इतका खेळ बेतला. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनी या पद्धतीचा विचार करावा, असे सुचविण्याचा मोह आम्ही महत्प्रयासाने आवरतो.

आता जो भाग उरला तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. फेरिसचे उदाहरण देऊन आम्ही जे निम्मे उत्तर म्हटले त्याचा उरलेला भाग हाच. 'तात्पुरते' हा शब्द आपल्या भाषेत मोठा निरुपद्रवी आहे. तात्पुरती सोय, तात्पुरता मांडव, तात्पुरता जिना. ज्याचे आयुष्य थोडे त्याची काळजीही थोडी, असे एक गणित हा शब्द नकळत मनात मांडतो. न्यू जर्सी येथील एका करमणूक-उद्यानात मालवाहू गाड्यांच्या पेट्या एकमेकींस जोडून भुतांचा वाडा केला होता. चाकांवरच्या पेट्या म्हणून ते बांधकाम तात्पुरते गणले गेले, आणि पक्क्या इमारतीस लागू होणाऱ्या अग्निरक्षणाच्या नियमांतून सुटले. वस्तुतः ते काही वर्षे तेथेच उभे होते. ११ मे १९८४ रोजी त्यास आग लागली आणि आठ तरुण आत गुदमरून व होरपळून मेले. ज्या वाड्यात भयच विकत घ्यावयाचे, त्यात खरे भय ओळखावे कसे? किंकाळी ही तेथील चलनी भाषा होती. मदतीसाठी मारलेल्या हाकेस निराळा शब्द उरलाच नव्हता. म्हणून भ्रमाचे घर बांधणाऱ्यास एक गोष्ट भ्रमाच्या बाहेर ठेवावी लागते: बाहेर जाण्याचे दार हे दारासारखेच दिसले पाहिजे. तेथे कल्पकता चालू नये.

दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांचेच. टेक्सासमधील एका मोठ्या विद्यापीठात १९०९ सालापासून दरसाल एका क्रीडासामन्यापूर्वी प्रचंड होळी रचण्याची चाल होती. विद्यार्थी स्वतः झाडे तोडीत, ओंडके वाहून आणीत व रचीत. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे पाच हजारांहून अधिक ओंडक्यांची ती रचना, मुले तिच्यावर काम करीत असतानाच, कोसळली. बारा जण मेले, सत्तावीस जखमी झाले. पुढे नेमलेल्या चौकशी-मंडळाने ओंडक्यांना बांधणारे बंध अपुरे होते हे तर सांगितलेच. परंतु त्याहून खोल कारण म्हणून, वर्षानुवर्षे रचना बदलत व वाढत गेली आणि तिचा विचार कोणीच समग्रपणे केला नाही, याकडे बोट दाखविले. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीकडून पद्धत घेतली, थोडी उंची वाढविली, आणि मागच्यांनी हिशेब केलाच असेल असे मानले. येथे दुष्टबुद्धी कोणाची नव्हती. उत्साह होता, निष्ठा होती, सख्य होते. आम्ही संमेलनाच्या भाषणांतून विद्यार्थ्यांस ज्या गुणांचा उपदेश करतो ते सारे होते. आम्हांस या घटनेतील हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करते. सद्गुणांनी ओंडके बांधले जात नाहीत.

म्हणून हौशी कारागिराची जबाबदारी व्यावसायिकापेक्षा कमी असते, हे मत आम्हांस मान्य नाही. व्यावसायिकाकडे येणारा मनुष्य थोडा सावध असतो. पैसे दिले की डोळे उघडतात. विद्यार्थ्यांनी केलेल्या जिन्यावर मात्र तो कौतुकाने चढतो, आणि कौतुकाने चढणारा पायाखाली पाहात नाही. त्या मानाने तो अधिक उघडा असतो. त्यावर असे म्हणता येईल की, एवढे ओझे मुलांवर टाकले तर ती काही बांधणारच नाहीत. आम्हांस उलट वाटते. तरुणांस कंटाळा येतो तो जबाबदारीचा नव्हे, खोट्या जबाबदारीचा. आमच्या विद्यार्थ्याच्या पत्रांत सर्वांत अभिमानाने लिहिलेले वाक्य रंगाविषयी वा यंत्राविषयी नव्हते. दुमजली घराच्या वरच्या तक्तपोशीवर तपासणीपूर्वी आपण सर्वजण एकदम उभे राहून उड्या मारल्या आणि ती हलली नाही, हे ते वाक्य होते. अभियंत्यांच्या मते ही परीक्षा फारशी शास्त्रीय नसेल. पण दुसऱ्यास ज्यावर उभे करावयाचे त्यावर स्वतः अगोदर उभे राहावे, ही त्या उडीतील भावना आम्हांस मोलाची वाटते.

राहता राहिला खर्चाचा आक्षेप. जे तीन दिवसांत मोडावयाचे त्यावर महिनोगणती श्रम आणि इतके लाकूड कशासाठी? आमचे कित्येक मित्र हा प्रश्न फार जोराने विचारतात, आणि त्यांतील काहींची मुले दरसाल गणपतीची आरास करण्यात अभ्यासाचे आठ दिवस घालवितात, हे त्यांच्या ध्यानात नसते. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात घडविणे आणि आचरणे यांत भेद केला आहे. घडविण्याचे प्रयोजन घडलेल्या वस्तूत असते. आचरणाचे प्रयोजन आचरणातच असते. हा भेद लावून पाहिला तर ही घरे मोठ्या पेचात टाकतात. ती घडविली जातात, परंतु वस्तू म्हणून उरत नाहीत. मग ती घडविणे आहे की आचरण? दिवाळीच्या किल्ल्याकडे पाहावे. मुले माती कालवतात, गोणपाटावर ती थापतात, हळीव पेरून रान उगवितात, बुरुजावर मावळे बसवितात. रोज शिंपडतात, रोज डागडुजी करतात. आणि चार दिवसांनी त्याच किल्ल्याच्या पोटात फटाका लावून तो उडवितात. उडविताना त्यांस दुःख झालेले आम्ही पाहिले नाही. याचा अर्थ त्यांचे प्रेम खोटे होते असा नव्हे. किल्ला हा त्यांच्या लेखी एक वस्तू नसून चार दिवसांचा व्यवहार असतो, आणि व्यवहार पुरा झाला की वस्तूचे ऋण फिटते.

तथापि या आक्षेपात तथ्याचा एक कण आहे आणि तो आम्ही नाकारीत नाही. लाकूड हे लाकूडच. ते कोठल्या तरी अरण्यातून येते. पुन्हा वापरता येईल अशा रीतीने जोडणे हा म्हणूनच केवळ सुतारकामाचा नियम नाही. शिकागोचे ते थोर चक्र दोन वेळा उतरवून दुसरीकडे उभारले गेले, १९०४ च्या सेंट लुईस येथील प्रदर्शनात फिरले, आणि १९०६ साली सुरुंग लावून पाडले गेले. त्याच्या कर्त्यास ते पाहावे लागले नाही. तो १८९६ सालीच, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, पिट्सबर्ग येथे वारला होता.

यंदा आमच्याकडील विद्यार्थ्यांनी संमेलनासाठी मयसभा बांधण्याचे योजिले आहे. आरशांची भूमी, काचेखाली वाहते पाणी, बंद वाटणारे उघडे दार. आराखडा घेऊन ती मुले गेल्या आठवड्यात आमच्याकडे आली. आम्ही चष्मा लावून तो बारकाईने पाहिला. जिन्याच्या पायऱ्या समान आहेत. बाहेर जाण्याचे दार ठळक आहे, आणि त्यावर दिवा आहे. पाण्याच्या हौदास कठडा नव्हता, तो त्यांनी आमच्यासमोरच काढला. हौदाच्या पलीकडे एक बारीक भिंत दाखविली होती आणि तीत ओळीने लहान लहान वर्तुळे होती. ही कशाची, असे आम्ही विचारले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले. "पाहण्यासाठी, सर," त्यांतील एक मुलगी म्हणाली. आम्ही तिला त्या वृद्ध गृहस्थांची गोष्ट सांगितली नाही. सांगावयास हवी होती, पण ऐन वेळी धीर झाला नाही. "पाहणारे हौदाच्या कोणत्या बाजूस असावेत?" एवढेच विचारले. काल तो कागद परत आला. वर्तुळे खोडली आहेत, भिंतही पुसली आहे. त्या जागी दुसरे काय काढावे हे मात्र त्यांस अजून सुचलेले दिसत नाही. कागदावर तेथे रबराचा मळकट डाग तेवढा आहे.